समुद्रतळाची बखर

नद्या डोंगर झिजवितात आणि त्यांची माती समुद्राच्या स्वाधीन करितात, हें सर्वांस विदित आहे. ती पुढें कोठें जाते, याचें उत्तर मात्र बराच काळ अपुरें होतें. भूखंडाच्या कडेला प्रथम उथळ तळ, मग उतार आणि उताराखालीं अथांग मैदान असतें. त्या मैदानावर केवळ सूक्ष्म चिखल व सागरी जीवांचीं कवचें सावकाश सांचतात, असा समज होता. त्यास धक्का देणारी घटना १९२९ सालीं घडली.

१८ नोव्हेंबर १९२९ रोजीं सायंकाळीं न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेस, ग्रँड बँक्स या उथळ तळाच्या कांठावर, मोठा भूकंप झाला. सुमारें अडीच तासांनीं ब्यूरिन द्वीपकल्पावर समुद्र चढून आला. होड्या, हिंवाळ्याची बेगमी व घरें वाहून गेलीं. २८ माणसें प्राणांस मुकलीं. तेथील तार वादळानें आधींच तुटली होती. तिसऱ्या दिवशीं एक जहाज आलें आणि त्याच्या बिनतारी यंत्रावरून वार्ता गेली, तेव्हां कोठें साहाय्य निघालें.

इकडे समुद्रतळावरून अमेरिका व युरोप यांस जोडणाऱ्या १२ तारा तुटल्या होत्या. भूकंपस्थानाजवळच्या तत्काळ तुटल्या. दक्षिणेकडील मात्र एकीमागून एक, आणि शेवटची तर १३ तासांहून अधिक काळानें. भूकंपाचा हादरा इतका वेळ टिकत नाहीं. मग त्या तोडल्या कोणीं? प्रत्येक तुटीची वेळ नोंदलेली होती. तिचा अर्थ लागावयास २३ वर्षें लागलीं.

१९५० सालीं हॉलंडचे क्यूनन व इटलीचे मिग्लिओरिनी यांनीं प्रयोग आणि पर्वतांतील खडक यांची सांगड घालून दाखविलें कीं, गाळानें जड झालेलें पाणी स्वच्छ पाण्याखालून उतारावर धांवतें. वेग मंदावतांच जाड वाळू खालीं व बारीक गाळ वर, असा थर रचिला जातो. १९५२ सालीं अमेरिकेंतील हीझन व यूइंग यांनीं तुटींच्या वेळा याच दृष्टीनें तपासल्या. भूकंपानें उतारावरील गाळ घसरला, त्याचा प्रवाह झाला आणि त्यानें वाटेंतील तारा तोडल्या, असें त्यांनीं ठरविलें. त्याचा वेग ताशीं ६० किलोमीटरांहून अधिक होता व त्यानें दीडशें घनकिलोमीटरांहून अधिक गाळ वाहून नेला, असें पुढील संशोधनांत आढळलें.

उथळ तळावर लाटा गाळ पुन्हां पुन्हां ढवळतात. खोल मैदानावर त्यांचा हात पोंचत नाहीं. तेथें जाड थर पडला कीं खालचा थर झांकला जातो, आणि गाळ उकरणाऱ्या जीवांस तो सहसा गांठतां येत नाहीं. असेच प्राचीन थर खडक होऊन इटलीच्या अपेनाइन पर्वतांत उभे आहेत. ब्यूरिनच्या किनाऱ्यावर त्या रात्रीं घरें उरलीं नाहींत. त्याच भूकंपाचा लेख मात्र समुद्राच्या तळाशीं वाळूच्या एका थरांत सुरक्षित राहिला.