बाळोती आणि ती धुणारे हात

गेल्या माघ महिन्यात फोंडे महालातील एका देवालयाच्या अग्रशाळेत आम्ही एका बारशास गेलो होतो. बाळाच्या पणजीने एक गाठोडे आणले होते. जुनी लुगडी व धोतरे फाडून, कडा दुमडून शिवलेली ती बाळोती होती. नातसुनेने ते गाठोडे आदराने घेतले. परंतु बाळाच्या कमरेस होता तो दुकानातून आणलेला, एकदा वापरून टाकावयाचा लंगोट, म्हणजे ज्याला आज सर्वत्र डायपर म्हणतात तो. त्याच्या वेष्टनावर हिरवे पान छापलेले होते व 'निसर्गस्नेही' अशी ग्वाही होती. पणजीने ते वेष्टन उलटसुलट पाहून विचारले, "हे परसात पुरले तर कुजेल काय गो?" नातसून हसून म्हणाली, "आणि ही बाळोती धुणार कोण, आजी?"

दोन्ही प्रश्न रास्त होते, आणि उत्तर जमलेल्यांपैकी कोणाजवळच नव्हते. आम्ही मात्र घरी परतल्यावर त्यांचा पाठपुरावा केला.

बाळोते ही वस्तू आपल्याकडे कधी विकत घेतली जात नसे. तान्ह्या मुलास प्रथम नवे वस्त्र घालू नये, जुने घालावे, शक्य तर घरातील दीर्घायुषी वडिलांचे घालावे, असा प्रघात अनेक घरांत होता. त्यामागे आयुष्याची कामना होती, आणि व्यवहारही होता. नव्या कापडात खळ असते, ते टोचते व पाणी लवकर शोषत नाही. शेकडो धुण्यांनी विरविरीत झालेले सूत मऊ असते व चटकन भिजते. आजीचे लुगडे आधी नेसावयाचे, मग त्याचे बाळोते, त्यानंतर गोधडीचे अस्तर, आणि अखेरीस भांडी उचलावयाचे फडके. कापसाची अखेर मातीतच व्हायची. धुण्याचीही एक रीत होती. आधी गार पाण्यात खळबळून काढावयाचे, मग रिठ्याने वा साबणाने कढत पाण्यात धुवावयाचे, कडक उन्हात वाळवावयाचे आणि दिवेलागणीच्या आत घरात आणावयाचे. कोकणगोव्याच्या पावसाळ्यात ऊन कोठले? तेव्हा निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून तीवर बाळोती पसरीत, आणि ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी त्यांत मुरे. त्या वासानेच घरात बाळंतीण असल्याचे शेजाऱ्यांस कळे.

हे वर्णन येथेच थांबविले तर ते गोड वाटेल. पण ते अर्धेच आहे. जननाशौच कोणास किती दिवस, याचा निर्णय देणारे ग्रंथ आपल्याकडे आहेत. १७९० च्या सुमारास पुरा झालेला धर्मसिंधु त्यांतील सुपरिचित. सोयराच्या त्या दिवसांत बाळंतिणीच्या खोलीतील धुणे अनेक घरांत सुईण वा परटीण नेत असे. तिच्या पदरात धान्य, खण, नारळ पडे. पण जिच्या हातांनी बाळाचे वस्त्र शुद्ध होई, तिला स्वतःला उंबऱ्याच्या आत यावयाची मोकळीक बहुधा नसे. पुढे ते काम घरातील धाकट्या सुनेकडे जाई, कित्येकदा ओल्या बाळंतिणीकडेच. आम्ही बरेच कुळवृत्तांत चाळले आहेत. त्यांत मूळपुरुष आहेत, इनामे आहेत, देवालयांचे मानपान आहेत. बाळोती धुणाऱ्या बाईचे नाव आम्हांस एकातही आढळले नाही. म्हणून नातसुनेचा प्रश्न आम्हांस उद्धट वाटला नाही. तो फार पूर्वीच विचारला जावयास हवा होता.

पश्चिमेकडेही याच धुण्याच्या कंटाळ्यातून नवा लंगोट जन्मला. तिकडेही शतकानुशतके कापडच होते. १८४९ साली अमेरिकेत वॉल्टर हंट याने आजच्या सेफ्टी पिनेचे पेटंट घेतले, तेवढी गाठ सुटली. दुसऱ्या महायुद्धात स्वीडनमध्ये कापसाची टंचाई झाली, तेव्हा तेथील एका कागद कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदाच्या घड्या वापरात आणल्या. १९४६ साली मॅरियन डोनोव्हन या अमेरिकन मातेने न्हाणीघराचा जलाभेद्य पडदा कापून लंगोटावरचे आवरण शिवले. कारखानदारांनी प्रथम तिला दारातून परतविले. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात तेच आवरण विकावयास आले. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतील रसायन अभियंता व्हिक्टर मिल्स याने नातवंडाचे लंगोट बदलण्यास वैतागून आपल्या सहकाऱ्यांस एकदाच वापरावयाच्या लंगोटाच्या मागे लावले. कंपनीने १९५७ मध्ये एक कागद गिरणी घेतली होती, तिच्या लगद्यास गिऱ्हाईक हवेच होते. १९६१ साली इलिनॉय संस्थानातील पिओरिया गावी 'पॅम्पर्स'ची चाचणी झाली. किंमत लोकांस जड वाटली, ती उतरवावी लागली. १९८० च्या दशकात त्यात सोडियम पॉलीॲक्रिलेट या, आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थाची भर पडली. लंगोट पातळ झाला, रात्रभर पुरू लागला, आणि धुण्याचा प्रश्नच मिटला असे सर्वांस वाटले. आपल्याकडे १९९० नंतर तो आधी शहरांत आला. आज खेड्यातील दुकानातही सुटा एक मिळतो.

आता पणजीचा प्रश्न. या लंगोटात लाकडाचा लगदा असतो, तो कुजेल. पण वरचे मऊ अस्तर पॉलीप्रॉपिलीनचे, बाहेरचे आवरण पॉलीइथिलीनचे, आणि मधला तो शोषक पदार्थही बहुधा खनिज तेलापासूनचा. ही द्रव्ये किती काळ टिकतील याविषयी शतकांची भाषा बोलली जाते. पण पिओरियातील पहिल्या लंगोटास अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. हिरव्या पानाच्या लंगोटात आवरण कधी मक्यापासून केलेल्या प्लास्टिकचे असते. ते कुजण्यास साठ अंशांच्या जवळपासची, सतत टिकणारी उष्णता लागते. ती मोठ्या खतकारखान्यात असते, परसातील खड्ड्यात नसते. अस्तर बांबूचे असल्याचे सांगतात, तोही बहुधा रासायनिक प्रक्रियेने लगदा करून काढलेला धागा असतो. तेव्हा पणजीबाईंस उत्तर असे, की थोडे कुजेल, बाकीचे राहील. २०१६ च्या केंद्रीय घनकचरा नियमांनी वापरलेले लंगोट नीट गुंडाळून द्यावेत आणि उत्पादकांनी त्यासाठी वेष्टन पुरवावे असे सांगितले होते. देवालयाच्या तळीकाठी वा ओहोळात त्यांचे किती पालन होते ते वाचकांनी स्वतः पाहावे.

मग कापड निर्दोष काय? इंग्लंडात याचा हिशेब अनेकदा झाला. २००८ च्या सरकारी अहवालात एका बाळाच्या अडीच वर्षांचा कर्बवायूचा भार टाकाऊ लंगोटांचा सुमारे ५५० किलो आणि कापडी लंगोटांचा सुमारे ५७० किलो निघाला. कापडाचा कैवार घेणाऱ्यांस हा धक्काच होता. पण त्याच अहवालात पुढे असे, की यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळविले आणि तीच वस्त्रे दुसऱ्या मुलास वापरली, तर हा भार सुमारे २०० किलोंनी उतरतो. उलट विजेच्या यंत्रात वाळविले तर तो वाढतो. २०२३ च्या नव्या हिशेबात कापडी लंगोटांचा भार सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी भरला. ऊन, दोरी आणि धाकट्या भावंडाची सोय! विलायती पंडितांनी आकडेमोडीने जे काढले ते आमच्या आज्यांच्या गाठोड्यात बांधलेलेच होते. अर्थात ते आकडे तिकडच्या विजेचे व तिकडच्या यंत्रांचे. उन्हाळ्यात जेथे टँकरची वाट पाहावी लागते तेथे पाण्याचा हिशेब वेगळाच मांडावा लागेल.

आम्हांस विचाराल तर दिवसा घरी बाळोती वा शिवलेले कापडी लंगोट, प्रवासास वा आजारपणात टाकाऊ एखादा, तो गुंडाळून वेगळा दिलेला. आणि धुण्याची पाळी बाळाच्या आईइतकीच बापाची. नव्या तऱ्हेचे कापडी लंगोट मिळतात, त्यांचेही बाहेरचे आवरण प्लास्टिकचा थर दिलेले असते हे ध्यानात ठेवावे. मात्र ते शेकडो वेळा वापरात येते.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी निरोप घेण्यास आम्ही पुन्हा अग्रशाळेत गेलो. मागल्या अंगणात दोरीवर सहा बाळोती वाळत होती. कोणी धुतली म्हणून विचारता बाळाचा बाप पुढे झाला. पणजीने त्यांतील दोन काढून पुन्हा बादलीत टाकली होती.