सरफोजी राजे आणि डार्विनपूर्व जीवविचार

तंजावर : सजीवांच्या जाती कालांतराने हळूहळू बदलतात, हा विचार चार्ल्स डार्विन यांच्या १८५९ मधील ग्रंथामुळे जगभर पोहोचला. मात्र त्याविषयीचा वाद युरोपात शतकभर आधीच सुरू झाला होता. त्या वादातील दोन प्रमुख नावे तंजावरच्या मराठी दरबाराला परिचित होती.

भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) हे जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली शिकले व १७९८ मध्ये गादीवर आले. १७९९ च्या तहान्वये राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्यानंतर त्यांनी ग्रंथसंग्रह, वैद्यक आणि विज्ञान यांना वाहून घेतले. १८२६ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी त्यांची भेट घेतली. राजे लाव्हाझिए, लिनियस व बुफाँ यांचे दाखले सहजपणे देतात, अशी नोंद हेबर यांनी केली आहे.

स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी सजीवांच्या वर्गीकरणाची पद्धत घालून दिली. निर्मितीच्या वेळी जेवढ्या जाती होत्या तेवढ्याच आजही आहेत, असे ते प्रारंभी मानत. पुढे मात्र संकरातून नव्या जाती निर्माण होऊ शकतात, हे त्यांनी मान्य केले.

फ्रान्सचे कोंत द बुफाँ यांच्या प्राणिसृष्टीविषयक ग्रंथमालेचे प्रकाशन १७४९ मध्ये सुरू झाले. हवामान, अन्न आणि माणसाळवणे यांमुळे प्राण्यांत पिढ्यान्‌पिढ्या बदल घडतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. घोडा व गाढव यांचे मूळ एकच असावे काय, हा प्रश्न त्यांनी १७५३ मध्ये मांडला. मात्र तशी शक्यता त्यांनी स्वतःच फेटाळली. पृथ्वीचे वय सुमारे ७५ हजार वर्षे असल्याचा त्यांचा अंदाज त्या काळी धाडसी ठरला. संथ बदलांना लागणारा दीर्घ काळ अशा अंदाजांमुळे कल्पनेच्या कक्षेत आला. जातींच्या क्रमिक परिवर्तनाचा सुसंगत सिद्धांत लामार्क यांनी १८०९ मध्ये मांडला.

बुफाँ यांचा दाखला देणे म्हणजे उत्क्रांती स्वीकारणे नव्हे. स्वतः बुफाँही तेथवर गेले नव्हते. तरीही हेबर तंजावरला आले तेव्हा डार्विन एडिंबरात वैद्यक शिकणारे १७ वर्षांचे विद्यार्थी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नोंदीचे महत्त्व कळते. सत्ता गमावलेल्या या मराठी राजाने युरोपातील ज्ञानचर्चेशी नाते जोडले होते. त्यांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही त्याची साक्ष देते.