अमृताच्या मागोमाग अजिंठ्याला

1932 साल. पॅरिसमधल्या एका खोलीत तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात. टर्पेन्टाइनचा उग्र वास नाकात भरलाय, खिडकीतला उजेड राखाडी आहे. समोर मोठ्या कॅनव्हासपाशी 19 वर्षांची अमृता शेरगिल रंगवते आहे. चित्रात दोन तरुणी बसल्यात. एक तिची धाकटी बहीण इंदिरा, दुसरी मैत्रीण, तिच्या मोकळ्या केसांनी चेहरा निम्मा झाकलेला. कातडीचा मऊपणा, कापडाचा पोत, उजेड कुठून येतो, सगळं जिथल्या तिथं. एकोल दे बोझार या कलाशाळेत शिकवतात ते तिच्या हातात पुरतं उतरलंय. पुढच्या वर्षी याच ‘यंग गर्ल्स’ला पॅरिसच्या सलों या कलाप्रदर्शनाचं सुवर्णपदक मिळणार आहे.

तुम्ही स्वतः चित्रं काढत असाल, तर इथे जरा रेंगाळा. चित्र उत्तम आहे, पण त्यातलं बोलणं अजून शाळेचं आहे. तिच्या प्राध्यापकांपैकी एकानं तिला सांगितलं होतं, तुझ्या रंगांना इथल्या करड्या स्टुडिओंत घर सापडायचं नाही, ते पूर्वेच्या उजेडात सापडेल. ही गोष्ट तिनं मनावर घेतली. पदक मिळाल्यावर वर्षभरानं तिनं पॅरिस सोडलं आणि ती भारतात परतली. मला तिच्या सगळ्या निर्णयांत हा सर्वांत धाडसाचा वाटतो.

आता चार वर्षं पुढे या. 1936 संपत आलंय. मधल्या काळात ती सिमल्याला राहिली, पहाडी माणसं रंगवली, आकृत्या ठसठशीत आणि रंगांचे पट्टे सपाट होऊ लागले. नोव्हेंबरात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात प्रदर्शन झालं, कार्ल खंडालावालांसारखा जाणकार समीक्षक मित्र झाला. आणि आता तुम्ही तिच्या मागोमाग निजामाच्या राज्यातल्या अजिंठ्याच्या दरीत उतरता आहात. खाली वाघोरा नदी, वर घोड्याच्या नालेसारखा वळलेला काळा कडा.

पहिल्या लेण्यात पाऊल टाकताच डोळ्यांपुढे अंधारी येते. काही दिसत नाही. थांबा, घाई करू नका. कुणीतरी दिवा वर धरतो आणि भिंतीवरून एक खांदा पुढे येतो, मग गळ्यातली मोत्यांची माळ, मग खाली झुकलेली नजर. बोधिसत्त्व पद्मपाणी. दिवा सरकेल तसं चित्र तुकड्यातुकड्यानं उजळतं आणि पुन्हा अंधारात जातं.

जवळ जा. रंग किती थोडे आहेत बघा: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुन्यासारखा पांढरा. निळा तेवढा दुरून, अफगाणिस्तानातल्या खाणींतून आलेला. खाली मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि गवताच्या काड्या. एवढ्याशा सामानात सावळी अंगं, गव्हाळ अंगं, काळी अंगं सारख्याच मानानं रंगवलेली. नाक आणि गाल उजळून पुढे आणलेत, पण माणसाची सावली जमिनीवर कुठे पडलेली नाही. पॅरिसच्या स्टुडिओत खिडकी कुठल्या बाजूला आहे हे चित्रावरून सांगता यायचं. इथे तो प्रश्नच उद्भवत नाही.

वही काढा. पद्मपाणीच्या खांद्यापासून कोपरापर्यंतची रेघ एका दमात ओढून बघा. हात मध्येच अडखळेल. तुम्ही दंड, स्नायू, सांधा असं वेगवेगळं मोजत रेघ नेताय. त्या चित्रकारानं सगळा हात आधी मनात धरला आणि मग कुंचला टेकवला. सतराव्या लेण्यात आरसा धरून शृंगार करणारी स्त्री आहे, आजूबाजूला दासी. तिथेही हेच दिसेल. तपशील पुष्कळ, पण एकही तपशील रेघेच्या आड येत नाही.

त्या दौऱ्यात अमृतानं पत्रात कळवलं की, भारतात परतल्यापासून पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या कामातून आपण काही शिकलो. एवढ्या ठाम, कुणालाही सहज न मानणाऱ्या मुलीनं हे लिहिलं, म्हणून त्या वाक्याचं मोल मोठं आहे.

पुढे ती दक्षिणेत गेली. कन्याकुमारी, कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातली भित्तिचित्रं, बाजाराला निघालेली सावळी माणसं.

1937. सिमला. तिच्या स्टुडिओत ‘ब्रह्मचारीज’ उभं राहतंय. पाच तरुण, उघडी सावळी अंगं, जानवी, पांढरी धोतरं, मागे तांबूस रंग. धोतरांच्या पांढऱ्याकडे नीट बघा. तो कुठे ऊबदार आहे, कुठे थंड, आणि सगळं चित्र त्यानं तोललेलं आहे. कुणी हसत नाही, कुणी काही करत नाही, तरी पाचही जण पाच वेगळ्या मनांचे वाटतात. त्याच वर्षी ‘ब्राइड्स टॉयलेट’, म्हणजे नवरीचा शृंगार, हे चित्र होतं. सतराव्या लेण्यातली ती स्त्री तुमच्या डोळ्यांपुढे ताजी असेल, तर दोन्ही मनातल्या मनात शेजारी लावा. अमृतानं भिंतीवरची आकृती उचललेली नाही. माणसं एकमेकांजवळ कशी बसवावीत आणि गप्प कशी ठेवावीत, एवढंच तिथून घेतलं.

आपली शैली हवी म्हणून पुष्कळजण रंग जाड लावतात, आकृत्या वेड्यावाकड्या करतात. मला ते पटत नाही. अमृतानं नवीन चमत्कृती शोधली नाही. ज्या कसबावर पदक मिळालं होतं त्यातलं बरंचसं बाजूला ठेवलं आणि जे उरलं ते जास्त बोलकं झालं. त्याची किंमतही मोजली. चित्रं फारशी विकली गेली नाहीत. 5 डिसेंबर 1941 रोजी लाहोरमध्ये ती वारली, तेव्हा ती 28 वर्षांची होती.

‘यंग गर्ल्स’ आणि ‘ब्रह्मचारीज’ ही दोन्ही चित्रं दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. ती बघायला जाल, पण त्याआधी अजिंठ्याला जा. ते आपल्याच राज्यात आहे. आणि जाताना कॅमेऱ्याऐवजी वही न्या.