‘सुरक्षेच्या कारणास्तव’ : सोनी, प्लेस्टेशन आणि सात कोटी सत्तर लाख खाती

मागच्या भागात अँटी-चीटचा विषय निघाला आणि तुमच्या मेसेजमध्ये सरळ दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, कम्प्युटर चालू होतानाच स्वतःचा पहारेकरी बसवणारा गेम आपल्याला नकोच. दुसरी बाजू म्हणते, अरे, ते सुरक्षेसाठीच करतात ना, आणि आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?

यावर वाद घालण्यापेक्षा मी आज एक जुनी गोष्ट सांगतो. कंपनी एकच, सोनी. काळ मुख्यतः २००५ ते २०११. या गोष्टीत ‘सुरक्षा’ हा शब्द सारखा सारखा येईल. तो कोणाच्या सुरक्षेबद्दल आहे, एवढ्याकडे फक्त लक्ष ठेवा.

सुरुवात गेमपासून नाही, गाण्यांपासून होते. तुमच्यातल्या कित्येकांनी गाण्याची सीडी हातातसुद्धा धरली नसेल. २००५ साली लोक दुकानातून सीडी विकत घ्यायचे, कम्प्युटरमध्ये घालायचे, एमपीथ्री करायचे आणि मित्रांना वाटायचे. कंपन्यांचा जीव त्याने कासावीस व्हायचा. सोनी बीएमजी ही सोनीची आणि जर्मन बर्टल्समानची भागीदारीतली संगीत कंपनी. तिने बऱ्याच सीडींवर गाण्यांसोबत एक सॉफ्टवेअरही भरलं. सीडी घातली की ते विंडोजमध्ये शिरायचं, तुम्ही किती कॉपी काढता त्यावर मर्यादा घालायचं, आणि मग स्वतःला लपवायचं.

३१ ऑक्टोबर २००५ ला मार्क रसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने हे सगळं ब्लॉगवर लिहिलं. स्वतःच्याच मशीनवर तो लपलेल्या फायली शोधणारं एक टूल तपासत होता. त्यात भलतंच काहीतरी सापडलं आणि माग काढत काढत तो विकत घेतलेल्या गाण्याच्या सीडीपर्यंत पोचला. पैसे मोजून घेतलेली सीडी, बरं का. चोरून डाउनलोड केलेली नव्हे.

अशा लपवणाऱ्या सॉफ्टवेअरला रूटकिट म्हणतात. सोसायटीच्या गेटवर रजिस्टर असतं ना, कोण आलं, कोण गेलं ते लिहायला? समजा, वॉचमनला कोणीतरी सांगून ठेवलंय की लाल टोपीवाल्याचं नाव लिहायचंच नाही. कमिटी रजिस्टर उघडते, सगळं चोख दिसतं. लाल टोपीवाला मात्र जिन्यात बसलेला असतो. सोनीच्या रूटकिटची लाल टोपी म्हणजे फाइलच्या नावाच्या सुरुवातीला ‘डॉलर, एस-वाय-एस, डॉलर’ ही अक्षरं. ती लावली की विंडोजला ती फाइल दिसायचीच नाही.

आणि खरी मेख इथेच आहे. टोपी कोणीही घालू शकत होतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये चीटिंग करणाऱ्यांनी लगेच आपल्या फायलींना तीच अक्षरं लावली आणि गेमच्या तपासणीतून निसटले. काही दिवसांतच तीच टोपी घालून व्हायरसवालेही फिरू लागले. ओरड झाल्यावर कंपनीने सॉफ्टवेअर काढून टाकायचा उपाय दिला, तर त्यानेच आणखी मोठं भोक पडलं. कुठलीही वेबसाइट त्यातून तुमच्या मशीनवर हवं ते चालवू शकत होती. मधल्या काळात कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने अमेरिकेच्या रेडिओवर असा युक्तिवाद केला की बहुतेकांना रूटकिट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, मग त्यांनी त्याची फिकीर कशाला करावी. शेवटी सीडी बाजारातून परत मागवाव्या लागल्या, टेक्सास राज्याने खटला भरला, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड झाली. मशीन बिघडलेल्यांना दीडशे डॉलरपर्यंत भरपाई.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर गेनशिन इम्पॅक्ट खेळणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्या. २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने दाखवलं की पीसीवरच्या गेनशिनच्या अँटी-चीटचा ड्रायव्हर खंडणीखोर हॅकर स्वतःच सोबत आणत होते आणि त्याच्या जोरावर समोरच्याचा अँटीव्हायरस बंद पाडत होते. ज्याच्या मशीनवर हे झालं त्याच्याकडे तो गेम असायचीही गरज नव्हती. ड्रायव्हरवर रीतसर सही होती, म्हणून विंडोजने त्याला आत घेतलं. लाल टोपी पुन्हा तीच.

आता प्लेस्टेशन ३ कडे येऊ. २००६ मध्ये ते आलं तेव्हा सोनीने त्यात एक झकास सोय दिली होती, ‘अदर ओएस’. गेमच्या डब्यात चक्क लिनक्स टाका आणि कम्प्युटर म्हणून वापरा. विद्यापीठांनी वापरलं. अमेरिकेच्या हवाई दलाने तर सतराशेहून जास्त प्लेस्टेशन एकमेकांना जोडून सुपरकम्प्युटर उभा केला.

जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ नावाच्या पोराने (हाच तो, सतराव्या वर्षी आयफोनचं लॉक उघडणारा) सांगितलं की याच सोयीच्या वाटेने त्याने प्लेस्टेशनच्या गाभ्यापर्यंत मजल मारलीये. १ एप्रिल २०१० ला सोनीचं अपडेट आलं. अदर ओएस बंद. कारण काय दिलं? सुरक्षा. अपडेट नको? हरकत नाही, मग ऑनलाइन खेळणं विसरा आणि नवे गेमही विसरा. म्हणजे लोकांनी विकत घेतलेल्या वस्तूतला एक भाग कंपनीने घरबसल्या काढून नेला.

सोनीची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पायरसी खरीच होती, आणि ऑनलाइन गेममध्ये चीटिंग वाढलं की त्रास तुमच्या-माझ्यासारख्या खेळणाऱ्यालाच होतो. पण हा धोका कोणाच्या मालाला होता? सोनीच्या. आणि त्याची किंमत कोणी मोजली? ग्राहकाने.

यानंतरचा प्रसंग मला फार आवडतो. डिसेंबर २०१०, बर्लिनमधलं हॅकर संमेलन. ‘फेलओव्हरफ्लो’ नावाच्या गटाने मंचावर प्लेस्टेशनच्या डिजिटल सहीची पोलखोल केली. प्रत्येक अस्सल गेमवर सोनीची गुप्त सही असते. दर वेळी सही करताना एक ताजा, कोणाला ओळखता न येणारा आकडा वापरायचा, हा त्या पद्धतीचा पहिला नियम. सोनीने दर वेळी तोच आकडा वापरला होता! आकडा एकच असेल, तर दोन सह्या म्हणजे दोन समीकरणं आणि दोन अज्ञात संख्या. दहावीच्या बीजगणिताचा पहिलाच धडा आठवा, दोन चलांतील रेषीय समीकरणे. खऱ्या गणिताची मांडणी थोडी वेगळी असते, पण युक्ती तीच. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीची गुप्त किल्ली वजाबाकी-भागाकाराने बाहेर आली.

थोड्याच दिवसांत हॉट्झने प्लेस्टेशनची मुख्य किल्ली आपल्या वेबसाइटवर टाकली. ११ जानेवारी २०११ ला सोनीने त्याला कोर्टात खेचलं, आणि त्याच्या साइटवर कोण कोण येऊन गेलं त्यांचे आयपी पत्ते मागण्याची परवानगीही मिळवली. नुसतं बघायला आलेल्यांचेसुद्धा! चिडून ‘अनॉनिमस’ने सोनीच्या साइट्सवर हल्ले चढवले. ११ एप्रिलला खटला तडजोडीने मिटल्याचं जाहीर झालं. सोनीच्या वस्तूंना पुन्हा हात लावणार नाही, असं हॉट्झने मान्य केलं.

त्यानंतर नऊच दिवसांनी, २० एप्रिलला, प्लेस्टेशन नेटवर्क बंद पडलं. आदल्याच दिवशी पोर्टल २ बाजारात आला होता. लोक तो घेऊन बसले आणि समोर लॉगिनच होईना. आधी नुसतं ‘सेवा बंद आहे’. मग ‘बाहेरून घुसखोरी झालीये’. नाव, पत्ता, ईमेल, जन्मतारीख, पासवर्ड, सगळं गेल्याचं सोनीने सांगितलं थेट २६ एप्रिलला. खाती सात कोटी सत्तर लाख. २ मे रोजी कळलं की सोनीच्या ऑनलाइन गेमच्या दुसऱ्या विभागातली आणखी दोन कोटी सेहेचाळीस लाख खाती त्यात आहेत. टोकियोत काझुओ हिराई आणि त्यांचे सहकारी कॅमेऱ्यांपुढे कमरेत वाकून माफी मागत होते. नेटवर्क तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिलं. सोनीने स्वतःच खर्चाचा अंदाज १७ कोटी १० लाख डॉलर सांगितला. ग्राहकांना काय मिळालं, तर यादीतून निवडायचे दोन फुकट गेम आणि महिनाभर प्लस.

त्या वेळी नेटवर दोनच मतं ऐकू यायची. एक, हॅकर नालायक आहेत, आमचा खेळ बंद पाडला. दोन, बरं झालं, सोनीला धडा मिळाला. सोनीने अमेरिकी संसदेला कळवलं की सर्व्हरवर ‘अनॉनिमस’ नावाची फाइल सापडली. अनॉनिमसने हात झटकले. सगळी चर्चा चोर कोण याचीच. पण दार कसलं होतं? ते २०१३ च्या जानेवारीत ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी सांगितलं. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवलं असतं तर हा हल्ला टळला असता. दंड अडीच लाख पौंड.

म्हणजे बघा. घरोघरच्या प्लेस्टेशनवर अपडेट घ्या, नाहीतर बाहेर बसा, असं बजावणाऱ्या कंपनीने स्वतःच्या सर्व्हरचं अपडेट टाळलं होतं. वकील होते, खटल्याला पैसा होता, एका पोराच्या साइटवर कोण आलं हे शोधायला वेळ होता. मला यात बेपर्वाईपेक्षा हिशोब जास्त दिसतो. गेम फुटला तर नुकसान कंपनीचं, आणि ते लगेच तिच्या वहीत दिसतं. तुमची जन्मतारीख फुटली तर ते नुकसान तुमच्या वहीत. त्यामुळे कुलपं कुठे बसली ते नीट पाहिलं की कळतं, वही कोणाची बघून बसली.

लॉगिनला पासवर्डसोबत फोनवर कोड मागवायची सोय प्लेस्टेशनवर आली २०१६ मध्ये. हल्ल्यानंतर पाच वर्षांनी. अदर ओएस काढून घेतल्याचा अमेरिकेतला खटला तर २०१८ पर्यंत चालला. शेवटी एकूण साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड, प्रत्येक ग्राहकाच्या वाट्याला फार तर ६५ डॉलर.

हां, एक राहिलंच. एवढं सगळं झाल्यावर ग्राहक एकत्र येऊन खटले भरू लागले होते. सप्टेंबर २०११ मध्ये, नेटवर्क बंद पडल्याला पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा, सोनीने अमेरिकेतल्या खेळणाऱ्यांसाठी नव्या अटी आणल्या. ज्या लांबलचक अटी आपण सगळे न वाचता ‘मान्य’ करतो ना, त्याच. त्यात लिहिलं होतं की इथून पुढे तुम्ही एकत्र येऊन कंपनीवर खटला भरणार नाही. ही अट नको असेल, तर तीस दिवसांच्या आत लॉस एंजेलिसच्या पत्त्यावर लेखी पत्र पाठवायचं.