दोनचा सदुसष्टावा घात वजा एक

२ चा ६७वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही २१ अंकी संख्या मिळते. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ साली ती मूळ संख्या म्हणून नोंदवली. घातांक २५७ पर्यंत घेतला तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकराच घातांकांना अशी मूळ संख्या मिळते, असे त्यांनी लिहिले. सिद्धता मात्र दिली नाही. या संख्यांचे आकर्षण जुने होते. अशी प्रत्येक मूळ संख्या एक परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःहून लहान विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या देते, हे युक्लिडने दाखवून ठेवले होते.

घातांक ३१ चा दावा ऑयलर यांनी १७७२ मध्ये खरा ठरवला. ६७ चा प्रश्न १८७६ पर्यंत तसाच राहिला. त्या वर्षी एद्वार ल्यूका यांनी ही संख्या संयुक्त असल्याचे दाखवले, पण तिचा एकही विभाजक त्यांच्या हाती नव्हता. विभाजक न शोधता संख्या फुटते हे कळावे, ही त्या शतकातील अंकगणिताची फार मोठी झेप होती. ल्यूका यांच्या कसोटीला डेरिक लेमर यांनी पुढे सोपे रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची आणि हीच क्रिया पुन्हा करायची. ३१, म्हणजे २ चा ५वा घात वजा १, घेतला तर ४ वरून १४ येतात. १४ वरून १९४, त्याची बाकी ८. ८ वरून ६२, त्याची बाकी ०. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे तिसऱ्या पायरीला शून्य आले, म्हणून ३१ मूळ. शून्य आले नसते तर ती संयुक्त ठरली असती.

विभाजक शोधणे मात्र वेगळेच काम. इथे ६७ घातांकाच्या त्या संख्येची घडण मदतीला येते. तिचा प्रत्येक मूळ विभाजक १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो, आणि त्याला ८ ने भागले की बाकी १ किंवा ७ उरते. तिचा सर्वांत लहान मूळ विभाजक १९,३७,०७,७२१ निघाला. तो १३४ ची १४,४५,५८० पट अधिक १ आहे. त्याच्यापर्यंतच्या मूळ संख्या एक कोटीहून अधिक आहेत. या दोन अटींमुळे तपासायचे उमेदवार सुमारे सव्वासात लाख उरतात. हाताने करायला तेही अशक्यच. म्हणून कोलंबिया विद्यापीठातील फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गशेषांच्या, म्हणजे वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या, आधाराने आणखी अटी काढल्या आणि चाळण बारीक करत नेली.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत कोल यांनी निकाल मांडला : १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. फळ्यावर एका बाजूला घात, दुसऱ्या बाजूला गुणाकार, तोंडातून एक शब्दही नाही, उत्तरे जुळली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, अशी हकीकत एरिक टेंपल बेल यांनी सांगितली आहे. या शोधाला तीन वर्षांचे रविवार लागले, हे कोल यांचे उत्तरही बेल यांच्याच लेखनातून येते. बेल यांना गोष्ट रंगवण्याची हौस होती, तेव्हा तपशील जपूनच घ्यावेत. कोल यांचा छापील निबंध मात्र उपलब्ध आहे आणि तो गुणाकार कोणालाही कागदावर पडताळता येतो.

मेर्सेन यांच्या यादीत एकूण पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ नको होते. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. यांपैकी ६१ ची संख्या १८८३ मध्ये इव्हान पेर्वुशिन यांनी मूळ ठरवली. ६१ ऐवजी ६७ चुकून छापले गेले असावे, असाही तर्क केला जातो. १९४७ पर्यंत सगळी यादी तपासून झाली. १९५२ पासून हे काम संगणकांकडे गेले, पण कसोटी ल्यूका-लेमर यांचीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या, २ चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १, हिच्यावरही शेवटी याच कसोटीने शिक्कामोर्तब झाले.