वातानुकूलन, घरगुती : रायगडचा किनारा
घरातील एखाद्या खोलीच्या हवेचे तापमान व आर्द्रता यांचे यंत्राने नियमन करणे, यास घरगुती वातानुकूलन म्हणतात. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर हवा थंड करण्याइतकेच ती कोरडी करणे हेही या यंत्राचे काम असते. अलिबागचे मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ३३° से.च्या आसपास, म्हणजे विदर्भाच्या मानाने पुष्कळच कमी असते. परंतु हवेतील बाष्पामुळे घाम लवकर वाळत नाही व उकाडा असह्य होतो. वाळ्याचे पडदे किंवा पाण्यावर चालणारे कूलर हे नागपूरकडील उपाय येथे फारसे उपयोगी पडत नाहीत; कारण त्यांचा गारवा पाण्याच्या बाष्पीभवनातून मिळतो आणि दमट हवेत ते मंद होते.

जुनी घरे : येथील पारंपरिक घर वाऱ्यावर विसंबून असे. जांभ्याच्या जाड भिंती, कौलारू उतरते छप्पर, पुढेमागे पडवी व सभोवार नारळी-पोफळीची वाडी, अशी त्याची सर्वसाधारण रचना होती. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे व रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे घरात खेळत आणि तापलेली हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाई. वातानुकूलन यंत्राला याउलट बंदिस्त खोली लागते. त्यामुळे कौलांखाली तक्तपोशी करणे व फटी बुजविणे ही बसवणीची पूर्वतयारी ठरली.

इतिहास : विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ मध्ये आधुनिक वातानुकूलनाचा पाया घातला, तो एका छापखान्यातील दमटपणा आवरण्यासाठी. मुंबईत रीगल चित्रपटगृह (१९३३) वातानुकूलित होते. १९५४ मध्ये मुंबईत व्होल्टास कंपनी स्थापन झाली आणि खिडकीत बसविण्याची यंत्रे देशात प्रचारात आली. दोन भागांचे, हवेच्या मोठ्या नळ्यांची गरज नसलेले यंत्र जपानमध्ये तोशिबा कंपनीने १९६१ मध्ये आणले.

रायगड जिल्ह्यात (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) या यंत्रांचा प्रसार विजेच्या प्रसाराशी निगडित आहे. टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही जलविद्युत् केंद्रे याच जिल्ह्यातील. पण त्यांची वीज प्रामुख्याने मुंबई व तेथील कापडगिरण्यांसाठी होती. गावोगावी वीज पोहोचण्यास महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या स्थापनेनंतरचा (१९६०) काळ उजाडला. मुंबईसमोरच्या घारापुरी बेटावर तर समुद्राखालील केबलद्वारे कायमस्वरूपी वीजपुरवठा २०१८ मध्ये सुरू झाला.

रचना व बसवणी : खोलीतील भागातल्या थंड नळ्यांत प्रशीतक द्रव्याचे बाष्पीभवन होते व ते हवेतील उष्णता शोषून घेते. त्या नळ्यांवर हवेतील बाष्प पाणी होऊन ठिबकते व हवा कोरडी होते. बाहेरील भागात संपीडक व संघनक असून शोषलेली उष्णता तेथे बाहेर टाकली जाते. दोन्ही भाग तांब्याच्या नळ्यांनी जोडतात. प्रशीतक सोडण्यापूर्वी नळ्यांतील हवा व ओल निर्वात पंपाने काढून टाकावी लागते. भिंतीतील छिद्र व पाण्याची नळी बाहेरच्या बाजूस उतरती ठेवतात. यंत्राची क्षमता टनांत मोजतात, एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्या दराशी (सु. ३·५ किवॉ.) हे माप जुळते.

खारी हवा हा येथील यंत्राचा मोठा शत्रू होय. क्षारयुक्त ओलाव्यात तांब्याची नळी व ॲल्युमिनियमची पाती यांच्या सांध्यावर विद्युत्-रासायनिक क्रिया होऊन पाती झिजतात. म्हणून बाहेरील भाग समुद्राच्या थेट वाऱ्यापासून आडोशाला ठेवणे, पात्यांवर संरक्षक लेप असणे व ती वेळोवेळी गोड्या पाण्याने धुणे आवश्यक ठरते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले. छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले व अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. अशा वेळी केवळ यंत्राच्या भरवशावर बांधलेली बंदिस्त खोली राहण्याजोगी उरत नाही. आरपार वारा घेणाऱ्या घरात मात्र विजेवाचूनही काही दिलासा मिळतो. त्यामुळे एखादीच खोली बंदिस्त करून उरलेल्या घराची हवा खेळती ठेवणे या किनाऱ्यावर अधिक हितावह ठरते.