खलाशाच्या कातडीची साक्ष



सूर्य आरोग्यदाता आहे, ही आपली समजूत फार जुनी आहे आणि ती खोटी नव्हे. परंतु त्याच सूर्यानें गोऱ्या कातडीवर उमटविलेला धोक्याचा इशारा वैद्यकाला वाचतां आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस.

हॅम्बुर्ग हें समुद्रावर जगणारें शहर. तेथील त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना यांनीं खलाशांच्या तोंडावर व हातांवर खरखरीत, खवल्यांचे चट्टे पाहिले. त्यांतील कांहींचें पुढें कर्करोगांत रूपांतर होई. १८९४ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं या विकाराला खलाशाच्याच त्वचेचें नांव दिलें. खाऱ्या वाऱ्याला दोष देऊन प्रश्न येथेंच मिटला असता. पण दोनच वर्षांनीं फ्रान्सांत, बोर्दो येथील डॉक्टर द्युब्रय यांनीं तसेच चट्टे वर्णिले, आणि पुढें त्यांचा संबंध द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या उन्हांतील कष्टांशीं जोडला. मळ्यांत समुद्राच्या लाटा कोठल्या? खलाशी आणि शेतकरी या दोघांना समान असें एकच होतें: उघड्या अंगावर वर्षानुवर्षें पडलेलें ऊन.

गंमत अशी, कीं याच सुमारास प्रकाशाचें औषध म्हणून कौतुक चाललें होतें. त्वचेच्या क्षयावर प्रकाशचिकित्सा शोधणारे डेन्मार्कचे फिन्सेन यांना १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९२८ सालीं इंग्लंडांत फिंडले यांनीं जंबुपार किरणांनीं उंदरांच्या त्वचेवर अर्बुदें उत्पन्न करून दाखविलीं, आणि प्रकाशाची दुसरी बाजू प्रयोगानेंच सिद्ध झाली.

मग हा लेख पुसतांच येत नाहीं काय? ऑस्ट्रेलियांत १९९१–९२ च्या एका उन्हाळ्यांत चाळिशीपुढील ५८८ माणसांवर प्रयोग झाला. कांहींना ऊन अडविणारा लेप दिला, कांहींना साधा. खरा लेप लावणाऱ्यांत नवे चट्टे कमी उठले आणि जुने अधिक मावळले.

आपल्या सांवळ्या वर्णाला रंगद्रव्याचें छत्र लाभलें आहे. मात्र जन्मतः तें ज्यांच्या त्वचेंत नाहीं, अशा आपल्यांतील माणसांना हा धोका पुरेपूर आहे. बहुतेक चट्टे निरुपद्रवी राहतात. परंतु कोणता उलटेल हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. म्हणून न मावळणारा खरखरीत चट्टा दिसतांच तो वैद्याला दाखवावा आणि डोक्यावर टोपी असावी. खलाशाला जें उशिरां कळलें, तें आपल्याला वेळेवर कळलें आहे.